डबे वाजवून ओळखणाऱ्या बाई

बाईंच्या स्वयंपाकघरात एकोणीस डबे होते आणि एकाही डब्यावर नाव नव्हतं. सगळे एका मापाचे, एका फळीवर, भिंतीला पाठ लावून उभे. आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन साखर मागायला गेले. बाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, स्वयंपाकघराकडे पाठ करून. वळून न बघता म्हणाल्या, "आत जा आणि घे."

मी आत जाऊन एक डबा उचलला.

"पोहे," बाहेरून आवाज आला.

दुसरा उचलला.

"मूग."

तिसऱ्याला हात लावला तेव्हा माझी बोटं थरथरायला लागली होती.

"अगं, थरथरू नकोस. तुझ्यामुळे रवा तांदळासारखा वाजतोय."

साखर सहाव्या डब्यात निघाली. तोवर मला घाम फुटला होता आणि बाई हसत होत्या. त्यांचं हसणं खालून यायचं, रिकामी बादली विहिरीच्या कडेला आपटत वर यावी तसं.

"बाई, डब्यांवर नावं का नाही घालत?"

"कान आहेत ना? मग वाचायचं कशाला?"

मी सातवीत शाळा सोडलेली. आमचं गाव परभणीकडचं, वसमतच्या अलीकडचं. लग्न झालं, ह्यांना तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत काम लागलं आणि मी पनवेलला आले, तेव्हा मला एकविसावं चालू होतं. समुद्र कधी पाहिला नव्हता, माशाचा वास सहन होत नव्हता, आणि दाराला कुलूप लावलं की नाही हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत यायची. खोली देताना बाईंनी एकच प्रश्न विचारला होता, "भांडता का?"

हे गडबडून म्हणाले, "नाही हो, छे."

"भांडलात तर चालेल. कुजबुजायचं नाही. कुजबुजीनं मला झोप येत नाही."

पनवेलमध्ये त्यांना पॅन्टवाल्या बाई म्हणत. पन्नाशी उलटलेली, अंगानं वाळलेली बाई. पुरुषी शर्ट, पॅन्ट, आणि हातात मात्र हिरव्या काचेच्या बांगड्या. त्या बेने इस्रायल, कोकणातल्या ज्यू. त्यांचं घर तलावाजवळ, वडिलांच्या वेळेपासूनचं. शुक्रवारी दिवेलागणीला त्या दिवा लावत आणि तिथून शनिवार संध्याकाळपर्यंत चूल नाही, सिगरेट नाही, बोलणंही जवळजवळ नाही. आकाशात तीन तारे दिसले की शनिवार संपायचा. बाईंना लांबचं नीट दिसत नसे, म्हणून तारे मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी ओट्यावर उभी राहून सांगायची, "एक दिसतोय... दोन..." आणि आतून खूण म्हणून काडेपेटी हलायची. "तीन!" म्हटलं की पहिली काडी पेटायची. पावसाळ्यात मी कधीकधी ढगांतच तिसरा तारा बघून टाकायची. बाईंना कळायचं. त्या म्हणायच्या, "तुझा तारा जरा लवकर उगवतो, पण मनानं चांगला आहे."

मासे घेऊन येणारी आगरी मावशी त्यांना फक्त खवल्यांचे मासे दाखवायची, कारण बाकीचे त्यांच्यात चालत नाहीत. "बघा, खवलं हाय, मी काय फसवीन तुमाला?" एकदा तिनं विचारलं, "बाय, तुमी म्हमईला गाणी गात होता म्हनं. देवाची का?"

"देवाचीच. पण त्या देवाला मराठी येत नाही."

"मंग त्यो काय कामाचा नाय," मावशी म्हणाली आणि टोपली उचलून गेली. हे बाईंना इतकं आवडलं, की आठवडाभर येईल त्याला सांगत होत्या.

त्या खरंच गात. भजन नाही, नाट्यगीत नाही, सिनेमातलंही नाही. इंग्रजी गाणं, मागं गिटार आणि ड्रम. रॉक आणि ब्लूज हे दोन्ही शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकले. एकोणिसाव्या वर्षी त्या मुंबईला एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि वर्षाच्या आत एका रेस्टॉरंटमध्ये गायला लागल्या. त्या काळी रविवारी सकाळी अकरा वाजता अशा ठिकाणी बँड जमायचे. कॉलेजची मुलंमुली एका कॉफीवर तीन तास बसायची. हॉटेलात गाणाऱ्या बायका तेव्हा गोड गायच्या, हातमोजे घालून. बाईंनी पहिल्या रविवारी चपला काढल्या, डोळे मिटले आणि छातीच्या तळातून, घसा खरवडत सूर लावला. मालक धावत आला. म्हणाला, "बरं नाही का तुला? घरी जा."

पुढच्या रविवारी दाराबाहेर रांग लागली.

मग सतरा वर्षं त्या गायल्या. मुंबईत, सहा महिने कलकत्त्याच्या एका मोठ्या हॉटेलात, एकदा बोटीवर कोलंबोपर्यंत. त्यांचं पाहून पुढच्या मुली अनवाणी गायला लागल्या, खालच्या सुरात गायला लागल्या. दोन गाण्यांची एक रेकॉर्डही निघाली होती. तिची त्यांच्याकडची प्रत खिडकीत उन्हाने वाकून वाटीसारखी झाली, तेव्हा त्यांनी तिच्यात माती घालून ओव्याचं रोप लावलं. "मधलं भोक पाणी जायला बरं पडतं," असं त्यांचं म्हणणं. पुढे हॉटेलांनी बँड काढले आणि रेकॉर्डी लावायला सुरुवात केली. आईवडील थकले होते. बाई पनवेलला आल्या त्या आल्याच.

एका दुपारी पांढऱ्या फियाटमधून एक उंच, नटलेली बाई आली. मुंबईच्या हॉटेलांत तिचं मोठं नाव होतं म्हणे. ती थेट बाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "मी बारा वर्षांची असताना तुम्हाला खिडकीतून ऐकलं होतं. तेव्हापासून मी तुमचीच नक्कल करते."

"म्हणून दाखव," बाई म्हणाल्या.

तिनं म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "नक्कल छान आहे. मी श्वास चुकीच्या जागी घ्यायचे, तोही तू उचललास. तेवढा टाकून दे, बाकी ठेव."

ती बाई रडतरडत हसली. जाताना डब्यात घालून मलिदा दिला तिला, गोड पोह्यांचा, बाईंच्या घरचा. ती मोटारीत बसेपर्यंत खातच होती.

मी एकदा विचारलं होतं, "बाई, ब्लूज म्हणजे हो काय?" त्यांनी माझा हात धरला आणि माझ्याच बोटांच्या पेरांवर मोजलं.

"बारा घरांची आळी असते. पहिली चार घरं आपली. मग दोन शेजाऱ्याची. परत दोन आपली. मग नववं घर, ते लांबचं. तिथं गेल्यावर पोटात कसंतरी होतं. दहावं परत शेजाऱ्याचं, आणि शेवटची दोन घरं आपली. की परत पहिल्यापासून. झालं ब्लूज."

"इतकंच?"

"इतकंच. लोक आयुष्यभर नवव्या घराचंच गाणं गातात. पण गाणं चालतं परत येण्यावर." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू आत्ता नवव्यात आहेस."

पण त्या घरात तोवर मी बाईंना गाताना कधी ऐकलं नव्हतं. त्यामागे वडिलांना दिलेला शब्द होता. बाईंना एक मुलगी होती. तिचा बाप गिटार वाजवायचा. तो एक दिवस लंडनला गेला आणि तिकडचाच झाला. लहान मुलगी घेऊन हॉटेलात कुठं गाणार? वडील म्हणाले, "नातीला आम्ही सांभाळतो. पण पनवेलच्या हद्दीत तुझं ते गाणं नको. पोरीला इथल्या शाळेत जायचंय, इथल्या लोकांत राहायचंय." बाईंनी शब्द दिला. वडील गेले, आई गेली, मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेली, तरी शब्द चालूच. एसटीतून मुंबईला जाताना पनवेलच्या हद्दीवरचा पूल ओलांडेपर्यंत त्या ओठ मिटून बसत आणि पूल संपला की गुणगुणायला लागत. येताना त्याच पुलावर, ओळ अर्धी असली तरी, थांबत. मी शेजारी बसून हे दोनतीनदा पाहिलं. मागच्या सीटवरची माणसं बघायची, ही बाई नळ बंद केल्यासारखी गप्प कशी झाली.

मला काम बाईंनीच लावून दिलं. बाजारात एका चाचांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. चाचा कोकणी मुसलमान, उमर साठीची, दाढीला मेंदी. लोक गाण्यांची यादी आणून द्यायचे आणि आम्ही ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. शिवाय रिक्षावर कर्णा लावून गावात फिरवायच्या जाहिराती तिथंच भरल्या जायच्या. बाईंसाठी पापलेट घेताना मी आगरी मावशीशी भावावरून वाद घालत होते तो बाईंनी खिडकीतून ऐकला आणि मला थेट दुकानात नेऊन उभं केलं.

"चाचा, हिचा आवाज ऐका. स्वच्छ आहे. धुतलेल्या ताटासारखा."

"बोलेल का ही? ही तर कापतेय."

"कापते ती. आवाज नाही कापत."

खरंच कापत नव्हता. मला स्वतःला त्याचं नवल वाटलं. बाईंनी मला श्वास शिकवला. माइकमध्ये हॅलो म्हणू द्यायच्या नाहीत; म्हणायच्या, "हॅलो काय? ओळखीचं कोण आहे तिकडं? घरं मोज." तेव्हापासून मी माइक तपासताना एक ते बारा मोजते. आता माझं स्वतःचं छोटं दुकान आहे, माइक बदलले, कॅसेटी गेल्या, तरी बारापर्यंत मोजल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही.

आता त्या कॅसेटचं सांगते.

मुलीची पत्रं वर्षातून दोनदा येत. चार ओळी, तब्येतीच्या. बाई ती माझ्याकडून वाचून घ्यायच्या. स्वतःला वाचता येत होतं, पण म्हणायच्या, "तुझ्या आवाजात चांगली बातमी वाटते." एकदा पत्र मोठं आलं. मी अडखळत वाचलं. त्यात लिहिलं होतं, "आई, तुझ्या नातीला शाळेत विचारलं, आजी काय करते. मी सांगितलं, गायची. ती म्हणाली, कशी? मला सांगता येईना. मी तुला गाताना कधी ऐकलंच नाही. तुझ्याकडे काही असेल तर पाठव."

बाईंनी ते तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "मी दर शुक्रवारी दुपारच्या एसटीनं यायचे. रविवारी सकाळी परत. मधे एक शनिवार. शनिवारी मी बोलायचे नाही. वडिलांना वाटायचं, पोरगी धर्म पाळते. मी रविवारसाठी घसा जपत होते गं. पोरीला आई मिळायची ती एक दिवस, आणि तीही गप्प."

त्या सगळ्या वर्षांचं एकच काही उरलं होतं. कुण्या कॉलेजच्या मुलानं एका रविवारी रेस्टॉरंटमध्ये टेप लावून भरलेलं, आणि पुढे कॅसेटवर उतरवून पाठवलेलं गाणं. शुक्रवारच्या एसटीचं. बाईंनी स्वतः रचलेलं: दारात एक चिमुकली चप्पल आहे, आणि दर शुक्रवारी ती एक बोट मोठी झालेली असते. "मुंबईत सगळ्यांना वाटायचं, प्रियकराचं गाणं आहे," बाई म्हणाल्या. "होतं पनवेलच्या एसटीचं."

मूळ कॅसेट टपालात घालायची भीती वाटत होती, म्हणून एक प्रत करायचं ठरलं. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. बाईंनी ते कधीच मोडून टाकले होते. पण कॅसेटवर नाव लिहिलं नव्हतं. डब्यांवर नाही, तसं कॅसेटवरही नाही.

आणि आमच्या दुकानाचा नियम असा, की भरून झालेल्या कॅसेटवर ताबडतोब नाव घालायचं. नाव नाही ती कोरी. लोक जुन्या कॅसेटी आणून द्यायचे, त्यांचे तुकडे मोडलेले असायचे. आम्ही त्या भोकांवर चिकटपट्टी लावायचो की ती परत भरता यायची. दिवसाला दहाबारा वेळा मी हे करायची. माझी बोटं न विचारता करायची.

त्या दिवशी साड्यांच्या सेलची जाहिरात भरायची होती. रिक्षावाला बाहेर भोंगा वाजवत होता, चाचा आतून ओरडत होते, "बेटी, जल्दी कर, त्याला शिरढोणपर्यंत जायचंय." मी टेबलावरची कॅसेट उचलली, चिकटपट्टी लावली, मशीनमध्ये घातली आणि एका दमात म्हटलं, "पनवेलकरांनो, लवकर या! लवकर या! फक्त तीन दिवस, साड्यांचा भव्य सेल!" तीनदा, पत्त्यासकट, मधे सनई. मग कॅसेट बाहेर काढली, नाव घालायला पेन उचललं आणि बाईंनी सकाळी माझ्या हातात दिलेली कॅसेट कुठं ठेवली ते शोधायला लागले.

ती माझ्या हातातच होती.

मला आठवतं, मी खाली बसले. चाचांनी पाणी दिलं. जाहिरात त्यांनी दुसऱ्या कॅसेटवर उतरवून रिक्षावाल्याला दिली. मग माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "बघ बेटी, मशीननं टेप खाल्ली म्हण. रोज खातं. मशीनवर कोण रुसतंय?"

चाचांनी ते मायेनं सांगितलं होतं. घरापर्यंतच्या वाटेत मी तेच घोकत गेले. बाई दुरावल्या तर खोली गेली, काम गेलं, ह्या गावात माझं म्हणावं असं एकच माणूस गेलं. आणि तिकडं ती नात, जिला आजी कशी गायची हे आता कधीच कळणार नव्हतं.

बाई ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या, डोळे मिटून, नुसत्या बोटांनी.

"बाई, त्या मशीननं..." मी म्हटलं आणि पुढं शब्द येईना.

"श्वास घे. चुकीच्या जागी थांबलीस."

मी श्वास घेतला. "मी पुसली. माझ्या हातानं. सेलची जाहिरात भरली तिच्यावर."

बाईंची बोटं तांदळात थांबली. मग त्या उठल्या, कॅसेट घेतली आणि टेपमध्ये घातली. माझा आवाज खोलीभर झाला. पनवेलकरांनो, लवकर या. सनई. परत पनवेलकरांनो. तिसऱ्यांदा सेल संपला, खट् असा आवाज आला, गाण्याच्या शेवटच्या शब्दाची शेपटी ऐकू आली न आली, आणि टाळ्या सुरू झाल्या. कितीतरी वर्षांपूर्वीच्या, मुंबईच्या. लोक टेबलं बडवत होते, शिट्ट्या मारत होते. थांबतच नव्हते.

"साड्यांना एवढ्या टाळ्या पडलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या," बाई म्हणाल्या. आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दोन दिवस त्या मला काही बोलल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. पण मी मागच्या दारातून पाहिलं, त्या एकेक डबा खाली घेत होत्या, झाकण काढत होत्या आणि आत डोकावून बघत होत्या. बघून ओळखत होत्या. मी ह्यांना म्हटलं, दुसरी खोली बघा.

"त्यांनी जा म्हटलं?"

"नाही."

"मग त्या म्हणेपर्यंत थांब," हे म्हणाले आणि जेवायला लागले.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला बाई माझ्या दारात आल्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट, ओठांना लाली, पाय अनवाणी.

"चाचांना सांग, चांगलं मशीन आणि माइक पाहिजे. अकराला सुरू करायचं."

चाचा स्वतः रिक्षातून मशीन घेऊन आले, माइक टॉवेलात गुंडाळून. त्यांना शब्दाचं ठाऊक होतं. म्हणाले, "बाई, बसा रिक्षात. कोन गावाच्या पुढं नेतो, आमराई आहे. मशीन बॅटरीवर चालेल. हद्दीच्या बाहेर मोकळेपणी गा."

बाई रिक्षात बसल्या. मग उतरल्या.

"नको. इथंच."

"आणि अब्बांना दिलेली जबान?"

"गाणं जिथं ऐकतात तिथलं असतं. हे पनवेलमध्ये कोण ऐकणार आहे?"

"आम्ही दोघं आहोत की," चाचा म्हणाले.

"तुम्ही बँड. बँडला धरत नाहीत."

असा मी आणि चाचा बँड झालो. चाचांना उलटं पातेलं दिलं, दोन बोटांनी वाजवायला. मला म्हणाल्या, "डबा घे. मसूर नको, मसूर पुढं पळतो. हरभरा घे. बारा घरं, मनात मोजायची, आणि काय वाटेल ते झालं तरी थांबायचं नाही." कॅसेट उलटी करून मागच्या बाजूला लावली. मीच चिकटपट्टी लावली त्या भोकावर. हात कापत होता. बाई म्हणाल्या, "काप तू. हरभऱ्याला कापू देऊ नकोस."

मग त्यांनी डोळे मिटले.

मला इंग्रजी येत नाही. पण ते गाणं मला कळलं. त्यांचा वरचा आवाज गेला होता. जिथं पोचायचं तिथं त्या पोचल्या नाहीत. त्याच्या अलीकडेच थांबल्या आणि तिथं उभं राहून, पलीकडे बघत असल्यासारख्या गायल्या. चाचांची बोटं पातेल्यावर, माझा हरभरा, आणि मधे तो आवाज, चपलेचं माप घेत चाललेला. तिसऱ्या फेरीत नवव्या घरात आम्ही पोचलो आणि माझ्या खोलीतल्या कुकरनं लांबलचक शिट्टी दिली. मी डाळ लावली होती आणि विसरले होते. माझा जीव गेला, पण मी थांबले नाही. बाई शिट्टी संपेपर्यंत थांबल्या, जणू ती बँडमधलीच कुणी होती, आणि ती संपली त्याच सुरावर पुढची ओळ उचलली.

संपलं तेव्हा टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. चाचा डोळे पुसत पातेलं सरळ करत होते.

"पहिल्या बाजूचं काय करू?" मी विचारलं. "सेल पुसून टाकू?"

"राहू दे. तिला पनवेल ऐकू दे जरा."

मी प्रती केल्या. एक नाही, चार. सगळ्यांवर नावं घातली आणि आठही तुकडे मोडले. एक टपालानं गेली. मग पावसाळा गेला, दिवाळी गेली. पोस्टमन आला की बाई विचारायच्या नाहीत, मी विचारायची. तो मान हलवायचा. ह्या काळात बाई डबे परत वाजवायला लागल्या होत्या, पण एखादा चुकायचा. साबुदाण्याला मोहरी म्हणायच्या.

थंडीत, एका दुपारी, दाराशी रिक्षा थांबली. मी ओट्यावर कपडे वाळत घालत होते. एक गोरटेली, दमलेली बाई उतरली आणि तिच्यामागं सहासात वर्षांची मुलगी. मुलीनं मला बघितलं, दोन्ही हात तोंडाशी कर्ण्यासारखे धरले आणि ठणठणीत आवाजात ओरडली, "पनवेलकरांनो, लवकर या! लवकर या!"

तिला मराठीचे तेवढेच शब्द येत होते. श्वाससुद्धा माझ्याच जागी घेत होती.

बाई खुर्चीत होत्या. लेक आत आली, आईसमोर उभी राहिली. मग लेक म्हणाली, "त्या गाण्यात कुकर कुणाचा होता?"

"हिचा," बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"मी तिथंच थांबवते दर वेळी. परत मागं घेते. तू थांबतेस ना तिथं, त्या शिट्टीसाठी, ते ऐकायला." मग म्हणाली, "चहा करते."

मी डबे दाखवायला उठले. बाईंनी माझा हात धरून मला बसवलं.

लेक आत गेली. दहा वर्षांनी ती त्या स्वयंपाकघरात पाय ठेवत होती. आम्ही दोघी बाहेर, आताही स्वयंपाकघराकडे पाठ करून, बसलो. आत एक डबा हलला. बाईंचे ओठ नुसते हलले: रवा. डबा फळीवर परत गेला, झाकण न उघडता. दुसरा हलला. हरभरा. तोही परत गेला. नात माझ्या मांडीला टेकून ऐकत उभी होती. तिसरा डबा हलला, अगदी हळू, मग पुन्हा एकदा, कुणी कान जवळ नेऊन हलवावा तसा.

"आई," आतून आवाज आला, "साखर संपत आलीय."

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या.